नळीच्या टोकावरचा नट आणि हरवलेला पाना

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना ज्यांच्या हातून सालं आणि नावं निसटली, त्यांच्यासाठी सगळं इथे आहे. बोलण्याच्या ओघातली भाषा फारशी बदललेली नाही.

आजचा विषय आहे एक पाना. नुसता पाना! काही जण म्हणतील, यावर अख्खा भाग कशाला? पण या पान्याचा माग काढत गेलं, की आपण पॅरिस, स्प्रिंगफील्ड, एनफिल्ड, ईशापूर आणि शेवटी पुण्याच्या पाषाणपर्यंत येतो. आणि वाटेत एक प्रश्न सतत भेटतो: एखादी वस्तू बिघडली, तर ती उघडायचा अधिकार कुणाचा?

सुरुवात अमेरिकेतून करू. तिथल्या लष्कराने १९५७ साली एम-१४ नावाची रायफल स्वीकारली. १९६४ पर्यंत अशा सुमारे १३ लाख ८० हजार रायफली बनल्या. या रायफलीच्या नळीच्या टोकाला उभ्या फटी असलेलं एक पोलादी नळकांडं बसवलेलं असतं. त्याला म्हणतात फ्लॅश सप्रेसर. गोळी सुटते तेव्हा तिच्यामागून जळता वायू बाहेर येतो आणि जाळ दिसतो. रात्री हा जाळ झाडणाऱ्याचेच डोळे दिपवतो, शिवाय त्याची जागा समोरच्याला सांगून टाकतो. हे नळकांडं तो जाळ फोडून विखरून टाकतं. आवाजाशी त्याचा संबंध नाही. सिनेमात दिसतो तो सायलेन्सर वेगळा.

आता गंमत बघा. हे नळकांडं नळीवरच्या खोबणींवर सरकवतात आणि एका नटाने धरून ठेवतात. तो नट आपल्या ओळखीचा षटकोनी नाही. तो गोल आहे, आणि त्याच्या कडेला किल्ल्याच्या तटाला असतात तशा खाचा आहेत. नावच आहे कॅसल नट, म्हणजे किल्ल्याचा नट. तो सैल होऊन फिरू नये म्हणून वर एक बारीक स्क्रू. घरातल्या पेटीतला कुठलाही पाना त्याला लागत नाही. त्याच्या खाचांत दात बसतील अशी खास पक्कड लागते. ती पक्कड सैनिकाकडे नसायची. ती असायची आर्मररकडे, म्हणजे पलटणीतल्या शस्त्र दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे.

याच घराण्यातली एक नागरी रायफल अमेरिकेत खासगी कंपनी विकते. १९९४ ते २००४ या दहा वर्षांत तिथे एक केंद्रीय कायदा होता. त्यात नव्या अर्धस्वयंचलित रायफलींवर जी वैशिष्ट्यं मोजली जायची, त्यात फ्लॅश सप्रेसर होता. त्यामुळे त्या काळातल्या रायफली टोकाला दुसराच भाग घेऊन बाहेर पडल्या. कायद्याची मुदत संपल्यावर संग्राहकांना मूळचं रूप परत हवंसं वाटू लागलं. जुना भाग मिळतो, नट मिळतो. पण हातात पाना कुठला धरायचा? साध्या पकडीने ओढाताण केली की खाचांचे कोपरे मोडतात, नळीवर ओरखडे येतात, आणि साठ वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत खराब होते.

आपल्याकडे अशा लष्करी रायफली नागरिकांच्या हाती नसतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्या घरात येत नाही. पण त्यामागचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. मराठीत हत्यार हा शब्द दोन्हीकडे चालतो. तलवार हेही हत्यार, आणि सुताराचा रंधा हेही हत्यारच. खंडेनवमीला तलवारीशेजारी पाने, कानशी आणि लेथ यांनाही फुलं वाहतात. आज या दोन हत्यारांचं एकमेकांशी काय नातं आहे, ते बघू.

पाना नव्हता, माणूस होता

अठराव्या शतकातली बंदूक डोळ्यांसमोर आणा. महादजी शिंद्यांच्या काळात द बॉइनच्या पलटणींसाठी आग्र्याला कारखाना होता. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथे तोफा आणि बंदुका बनवून घ्यायचा. बंदुका चांगल्या होत्या. पण जगातल्या तेव्हाच्या सगळ्या बंदुकांसारखीच त्यांचीही गोष्ट होती: प्रत्येक बंदूक कारागिराने कानस घासून जुळवलेली. या बंदुकीचा स्क्रू त्या बंदुकीत जाईलच असं नाही. इंग्लंडमध्येही तेच, फ्रान्समध्येही तेच.

म्हणजे बंदूक मोडली तर पाना शोधून उपयोग नव्हता. माणूस शोधावा लागे. नवा भाग घडवणारा, तो घासून घासून बसवणारा. लढाईच्या मैदानात असा माणूस नसेल, तर एका स्क्रूपायी बंदुकीची काठी व्हायची.

यावर पहिला मोठा घाव घातला फ्रान्सच्या ओनोरे ब्लाँकने. १७८५ साली थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता. ब्लाँकने त्याच्यासमोर पन्नास बंदुकांचे लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, सुटे करून खणाखणांत मांडून ठेवले. जेफरसनने हाताला येतील ते तुकडे उचलले आणि स्वतः काही लॉक जोडले. नीट बसले! राजदूत माणूस, बंदूकसाज नव्हे. त्याने तेव्हाच मायदेशी पत्र लिहून ही गोष्ट कळवली.

यात फक्त वेळेची बचत नव्हती. कुणीही जोडू शकतो, म्हणजे कारागिरावाचून अडत नाही. राज्यकर्त्यांना यात ताकद दिसली, आणि बंदूक बनवणाऱ्यांना आपला धंदा जाताना दिसला. फ्रान्समध्ये ब्लाँकची पद्धत रुजली नाही. कल्पना मात्र समुद्र ओलांडून गेली.

फक्त एक स्क्रूड्रायव्हर

अमेरिकेत एली व्हिटनीने १७९८ साली सरकारकडून दहा हजार बंदुकांचं कंत्राट घेतलं. मुदत दोन वर्षांची. १८०१ च्या जानेवारीतही काम अडलेलंच होतं. तेव्हा तो वॉशिंग्टनला गेला आणि अध्यक्ष अ‍ॅडम्स, होणारे अध्यक्ष जेफरसन आणि इतर मंडळींसमोर त्याने एका बंदुकीवर दहा वेगवेगळे लॉक बसवून दाखवले. हातात हत्यार एकच: स्क्रूड्रायव्हर. सगळे खूश, कंत्राट वाचलं. शेवटची बंदूक त्याने १८०९ साली दिली.

विसाव्या शतकात संशोधकांनी व्हिटनीच्या उरलेल्या बंदुका उघडल्या. भाग एकमेकांत बसेनात. कित्येक भागांवर जोडी ओळखण्याच्या खुणा कोरलेल्या निघाल्या. म्हणजे तो प्रयोग आधीपासून जुळवून आणलेला होता. माझ्या क्षेत्रात याला डेमो म्हणतात. गिऱ्हाइकासमोर चालतो, बाहेर चालेल याची खात्री नसते. तरी व्हिटनीने निकष मात्र अचूक निवडला होता: भाग खरोखर सारखे असतील तर जोडायला साधं, सगळ्यांकडे असलेलं हत्यार पुरतं. कानस लागली तर दावा खोटा.

तो निकष खरा करून दाखवला जॉन हॉलने, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात, १८२० च्या दशकात. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे यंत्रं, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे गेज. गेज म्हणजे मापाचा साचा. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर भंगार. कारागिराची नजर नाही, हाताचा अंदाज नाही. माप माणसातून निघालं आणि पोलादात जाऊन बसलं.

मग १८५४. ब्रिटिश सरकारची एक समिती अमेरिकेतले कारखाने बघायला आली. स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात त्यांनी १८४४ ते १८५३ या दहा वर्षांतली प्रत्येकी एक अशा दहा बंदुका निवडल्या, सुट्या केल्या, भाग मिसळले आणि कामगाराला परत जोडायला सांगितलं. त्याने जोडल्या. हत्यार पुन्हा एकच: स्क्रूड्रायव्हर. दहा वर्षांच्या बंदुका, आणि तरीही कुठला भाग कुठल्या सालचा याने काही फरक पडला नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षं एकही अपडेट जुन्याशी भांडला नव्हता!

इंग्रज काय समजायचं ते समजले. त्यांनी अमेरिकन यंत्रं विकत घेतली, जेम्स बर्टन नावाचा अमेरिकन इंजिनिअर आणला, आणि लंडनजवळच्या एनफिल्डचा सरकारी कारखाना नव्याने उभा केला. दशक संपता संपता तिथून १८५३ सालच्या नमुन्याच्या रायफली एकमेकांत बसणाऱ्या भागांनी बाहेर पडू लागल्या.

शिपायाचा पाना आणि सार्जंटचा पाना

१८५३ ची एनफिल्ड म्हटल्यावर तुमच्या कानात घंटा वाजली असेल. हो, तीच. १८५७ च्या काडतुसांची.

या रायफलीबरोबर एक छोटं जोडहत्यार मिळायचं. त्यात स्क्रूड्रायव्हर, आणि ज्यावर टोपी बसवून ठिणगी पाडायची ते निपल काढायचा पाना, असं सगळं एकत्र. पण हे जोडहत्यार दोन प्रकारचं होतं. शिपायाचं साधं, आणि सार्जंट-कॉर्पोरलचं जरा मोठं. त्या मोठ्या हत्यारात लॉकमधली मुख्य स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा असायचा. तो शिकंजा नसेल तर लॉक पूर्ण उघडता येत नाही. म्हणजे रायफल तीच, पण कुणी किती खोल जायचं ते हातातलं हत्यार ठरवायचं. शिपायाने साफ करावी, सार्जंटने उघडावी, आणि त्याच्या पलीकडचं आर्मररने बघावं.

यात थोडं शहाणपण आहे, हेही मान्य करायला हवं. हजार जणांच्या हाती स्प्रिंग काढायचं हत्यार दिलं तर शंभर स्प्रिंगा हरवतील. पण हीच रचना विश्वास आणि अविश्वासही दाखवते. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदी पलटणींना एनफिल्डसारख्याच दिसणाऱ्या, पण आतून आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. नेम जवळचाच लागावा म्हणून. पुढेही बराच काळ गोऱ्या पलटणीकडे नवं शस्त्र आणि हिंदी पलटणीकडे त्याच्या आधीच्या पिढीचं, असं चालू राहिलं. कुणाच्या हातात काय द्यायचं हा तांत्रिक प्रश्न कधीच नव्हता.

अर्ध्या इंचात एक आटा जास्त

आतापर्यंत आपण एका कारखान्यातल्या सारखेपणाबद्दल बोललो. पण दोन कारखान्यांचं काय? दोन देशांचं काय? इथे येतात आटे.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेत एक निबंध वाचला. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, हा गोंधळ थांबवा, असं त्याचं म्हणणं. त्याने ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, मधली मापं काढली आणि एक पद्धत मांडली. आट्याचा कोन ५५ अंश, टोकं गोलसर. ब्रिटनने ती उचलली, रेल्वेने पसरवली, आणि ती साम्राज्याबरोबर आपल्याकडेही आली.

अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये वेगळी पद्धत मांडली. कोन ६० अंश, टोकं सपाट. त्याचा मुद्दा साधा होता: ५५ अंशांचा कोन आणि गोल टोकं काढायला फार कुशल माणूस लागतो. साठ अंश कुठलाही बरा मेकॅनिक काढेल. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, काम कुणाच्या हाताला जमावं? सेलर्सने नट केवढा असावा याचंही सूत्र दिलं. त्यामुळे पान्याचं मापही आपोआप ठरलं.

आता फरक बघा. अर्धा इंच जाडीचा बोल्ट घ्या. व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकनमध्ये १३. एका आट्याचा फरक! नट पहिले दोन-तीन फेरे मुकाट्याने घेतो आणि मग अडकतो. जोर लावला तर आटे मरतात.

पान्यांचा गोंधळ तर याहून भारी. अमेरिकन पान्यावर लिहिलेलं माप म्हणजे पान्याच्या तोंडाची रुंदी. व्हिटवर्थच्या पान्यावरचं माप म्हणजे बोल्टची जाडी. त्यामुळे अर्धा इंच लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात २३ मिलिमीटरच्या वर भरतं. जुन्या बुलेटवर काम केलेल्या गॅरेजवाल्यांना हे सांगायला नको. त्यांच्या पेटीत मिलिमीटरच्या पान्यांशेजारी व्हिटवर्थचे चार पाने वेगळ्या फडक्यात गुंडाळलेले असतात. आणि बुलेटच्या कंपनीच्या नावातलं एनफिल्ड कुठून आलं? त्या रायफल कारखान्याला सुटे भाग पुरवण्याच्या धंद्यातून. त्यांचं घोषवाक्यही ‘बंदुकीसारखी घडवलेली’ अशाच अर्थाचं होतं, आणि चिन्ह तोफेचं.

दुसऱ्या महायुद्धात हा गोंधळ फार महाग पडला. दोस्त राष्ट्रं एकत्र लढत होती, पण त्यांचे नट-बोल्ट एकत्र येत नव्हते. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला घेतलं, तेव्हा त्यातले ब्रिटिश आटे तसेच ठेवावे लागले, कारण इंजिन इंग्लंडमध्ये दुरुस्त व्हायला हवं होतं. ते आटे पाडायचे टॅप आणि डाय अमेरिकेत सहज मिळेनात. पॅकार्डने ते स्वतः बनवले. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने वॉशिंग्टनमध्ये एकत्र आट्यांच्या करारावर सह्या केल्या. कोन ठरला ६० अंश. व्हिटवर्थचे पाने हळूहळू फडक्यात गेले.

इंच आणि मिलिमीटरच्या मधली रायफल

आता आपल्याकडे येऊ. १९६२ साली चीनच्या सीमेवर आपल्या बहुतेक जवानांच्या हाती होती पॉइंट थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्ड. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती दशकानुदशकं बनत आली होती. तिच्यानंतर आलेली रायफल म्हणजे एसएलआर.

एसएलआरचं मूळ बेल्जियममध्ये, एर्स्टालच्या एफएन कंपनीच्या एफएएल रायफलीत. बेल्जियमचे आराखडे मिलिमीटरचे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाने तीच रायफल घेतली, पण आराखडे इंचात उतरवले. त्यामुळे एका आईच्या दोन लेकी वेगवेगळ्या झाल्या. मिलिमीटरवाल्या रायफलीचं मॅगझिन इंचवाल्या रायफलीत थोडं सैल का होईना बसतं. उलटं मात्र होत नाही. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश आणि अर्जेंटिनी सैनिक एकाच घराण्यातल्या रायफली घेऊन समोरासमोर उभे होते. ब्रिटिशांची इंचातली, अर्जेंटिनाची मिलिमीटरमधली.

भारताने तिसराच रस्ता धरला. पुण्याच्या एआरडीईने, म्हणजे आज पाषाणला असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने, बाहेरचे नमुने अभ्यासून स्वतःचे आराखडे तयार केले. त्यातून निघाली आपली १ए१. मूळ कंपनीशी यावरून वादही झाला आणि तो पुढे मिटवावा लागला. या रायफलीचा एक बारकावा मला फार आवडतो. तिच्या लाकडी दस्त्याच्या मागची पट्टी सरळ जुन्या ली-एनफिल्डची आहे, झाकणासकट. त्या झाकणाआड तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवायची जागा. म्हणजे रायफल नवी, पण जवानाचं हत्यार ठेवायचा कप्पा आजोबांचा. जे साचे हाताशी होते, ते वापरले. जुगाड म्हणा, काटकसर म्हणा. मला तो समंजसपणा वाटतो.

काळही लक्षात घ्या. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला. १९५६ च्या कायद्याने किलो, मीटर आले. बाजारात शेर-मण जाऊन किलो येत होता, त्याच सुमारास कारखान्यातल्या ड्रॉइंग बोर्डावर इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदत होते. स्वतःचे आराखडे असणं म्हणजे स्वतःचे गेज, स्वतःचे टॅप, स्वतःचे पाने असणं. ज्याच्याकडे आराखडा नाही त्याला प्रत्येक नटासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं. शस्त्र विकत मिळतं. ते उघडायचं ज्ञान मात्र बहुतेक वेळा विकायला नसतं.

तीन रायफली, तीन उत्तरं

आता परत नळीच्या टोकाकडे जाऊ. तीन रायफली शेजारी ठेवून बघा.

पहिली, ब्रिटिशांची नंबर ५, जिला जंगल कार्बाइन म्हणतात. १९४४ ते १९४७ या काळात बनलेली, ली-एनफिल्डचीच आखूड आवृत्ती. नळी आखूड म्हणून जाळ मोठा, म्हणून टोकाला नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर. तो आट्यांवर नाही, आडव्या पिना ठोकून बसवलेला. म्हणजे बनवणाऱ्याचं म्हणणं स्पष्ट होतं: हा भाग काढायचा नाही. काढायचाच असेल तर वर्कशॉपमध्ये या.

दुसरी, आपण सुरुवातीला पाहिलेली एम-१४. काढता येतो, पण खास पक्कड असलेल्या माणसानेच काढावा. नळकांड्यावरच पुढची माशी, म्हणजे नेम धरायची खूण, बसवलेली आहे. ते जरासं हललं तरी नेम हलतो. म्हणून सैनिकाच्या हाती ती पक्कड नाही.

तिसरी, १९५९ सालची सोव्हिएत एकेएम. तिच्या टोकाचा तिरका तुकडा आट्यांवर बसतो आणि एक स्प्रिंगची पिन त्याला अडवून धरते. पिन दाबली की तो हाताने फिरतो. पाना लागतच नाही. फक्त आटे डावे आहेत, सायकलच्या डाव्या पेडलसारखे. सवयीने उलट्या दिशेने जोर लावणारा फसतो. इथे बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की सैनिक थोडंच शिकलेला असेल, आर्मरर जवळ नसेल, पण काम अडता कामा नये.

टोकाला बसणारी वस्तू साधारण सारखीच, आणि तिन्ही ठिकाणी तिचं काम मागे उभ्या असलेल्या माणसासाठीच. पण या तीन नटांमध्ये, पिनांमध्ये आणि स्प्रिंगमध्ये तीन सैन्यं आपापल्या शिपायाबद्दल काय विचार करत होती ते लिहिलेलं आहे. म्हणूनच जुन्या वस्तूचा योग्य पाना शोधणं हे निव्वळ खरेदीचं काम नाही. आधी विचारावं लागतं: ही कुणी बनवली, कुठल्या साली, कुठल्या मापाच्या घराण्यात, आणि ती कुणी उघडावी अशी त्याची इच्छा होती?

जगभरातल्या संग्रहालयांत शस्त्रांची निगा राखणारी माणसं हेच करतात. पाना हातात घेण्याआधी व्हर्नियर घेतात. आट्यांचा गेज लावून इंचाला किती आटे ते मोजतात, कोन ५५ की ६० ते बघतात, आटे डावे की उजवे ते बघतात, शिक्का आणि साल वाचतात, त्या काळची दुरुस्तीची पुस्तिका काढतात. पाना मिळाला नाही तर खाचांचं माप घेऊन नवा घडवतात, आणि तो मुद्दाम नटापेक्षा जरा मऊ धातूचा करतात. कारण झीज व्हायचीच असेल तर ती पान्याची व्हावी. पाना परत करता येईल. १८५४ चा स्क्रू किंवा १९५७ चा नट परत करता येणार नाही.

आणि हे फक्त बंदुकांपुरतं नाही. आजचा मोबाइल उघडायला पाच पाकळ्यांचा चिमुकला स्क्रू असतो, ट्रॅक्टर दुरुस्त करायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. दुरुस्तीच्या हक्काची जी चर्चा सध्या जगभर चालू आहे, तिच्यात मला १८५३ सालचा शिपायाचा पाना आणि सार्जंटचा पाना दिसतो. स्क्रू कसा आहे, ते कुणीतरी ठरवलेलं असतं. तो निर्णय नेहमी वाईट असतो असं नाही. पण तो निर्णय आहे, एवढं तरी ओळखता आलं पाहिजे.

येत्या खंडेनवमीला पेटीतले पाने पुसून मांडाल, तेव्हा एखादा असा निघेल जो कशालाच लागत नाही. त्याच्यावरचा आकडा वाचून बघा. इंच असेल, मिलिमीटर असेल, कदाचित व्हिटवर्थचा असेल. तो ज्या नटासाठी बनला होता तो नट केव्हाच भंगारात गेला असेल. तरी टाकू नका. आणि आजोबांच्या, वडिलांच्या पेटीत असं काही सापडलं, तर त्यावरचे आकडे आम्हाला जरूर कळवा. एखाद्या भागात सगळे मिळून त्याचं घराणं शोधू.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि अडलेल्या नटावर जोर लावू नका.